रत्नागिरीतील लेखी इंग्रजीचा रविवार वर्ग : सर्वनामांच्या पाठांचे परीक्षण

इंग्रजीचे वर्ग रत्नागिरीत कमी नाहीत. मारुती मंदिराच्या चौकातून कोणत्याही दिशेने चालू लागले तरी विजेच्या खांबांवर त्यांचे फलक दिसतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे आश्वासन एकच असते : थोड्याच दिवसांत न अडखळता इंग्रजी बोला. ज्या वर्गाबद्दल येथे लिहायचे आहे तो त्या पंगतीतला नाही. तो बोलण्याचा नसून लिहिण्याचा आहे. नोकरीत किंवा धंद्यात ज्यांना इंग्रजीतून पत्रे, ई-मेल, इतिवृत्ते आणि नोटिसा लिहाव्या लागतात, अशा प्रौढांसाठी एक निवृत्त प्राध्यापिका आपल्या घराच्या माडीवर तो दर रविवारी सकाळी चालवतात. आठ रविवारांचा हा अभ्यासक्रम आहे आणि पुस्तिकेसह त्याचे शुल्क अडीच हजार रुपये आहे. जाहिरात नको अशी बाईंची इच्छा असल्यामुळे त्यांचे किंवा वर्गाचे नाव येथे दिलेले नाही.

आंबा आणि मासळी बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार पाहणे हे माझे काम असल्यामुळे मी या वर्गाकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिले आहे. शिकवलेले सोमवारी कचेरीत उपयोगी पडते की नाही, एवढाच माझा निकष आहे. आठांपैकी तब्बल तीन रविवार बाई एकाच विषयाला देतात, तो म्हणजे सर्वनाम आणि ते ज्या नामाच्या जागी आले आहे ते नाम यांचा मेळ. शाळेत अँटिसिडंट या नावाने तोंडओळख झालेल्या त्या नामाला बाई सरळ ‘मागचे नाम’ म्हणतात आणि मीही येथे तेच म्हणणार आहे. या तीन रविवारांतच वर्गाची सगळी ताकद आणि सगळे उणेपण दिसून येते, म्हणून परीक्षणही तेवढ्याचेच करतो.

नियम तसा एका ओळीत संपतो. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणापासून तो जवळजवळ त्याच शब्दांत छापला जात आहे : सर्वनामाचे लिंग आणि वचन मागच्या नामाप्रमाणे असावे. एवढ्याशा नियमाला तीन रविवार कशाला, हा प्रश्न पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या बाकावरच्या पतसंस्थेच्या सचिवांनी उघडपणे विचारला. बाईंचे उत्तर असे की नियम तुम्हा सर्वांना येतो. चूक होते ती नियम न आल्यामुळे होत नाही, मराठी अगदी बरोबर येत असल्यामुळे होते. पुढचे तीन रविवार हे या एका विधानाचे स्पष्टीकरण होते, असे म्हटले तरी चालेल.

ते स्पष्टीकरण ‘आपला’ या शब्दापासून सुरू होते, आणि माझ्या मते हाच या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. बाईंनी वाटलेल्या कागदावर डाव्या बाजूला मराठी वाक्ये होती आणि उजवी बाजू कोरी होती. ‘ग्रामपंचायतीने आपला ठराव पाठवावा.’ ‘खलाशांनी आपली ओळखपत्रे जवळ बाळगावीत.’ ‘अध्यक्षांनी आपले मनोगत व्यक्त केले.’ ‘प्रत्येक बागायतदाराने आपला सात-बारा जोडावा.’ मराठीत लिहिताना यांतल्या एकाही ठिकाणी आपण थांबत नाही, कारण ‘आपला’ हा शब्द पुढच्या वस्तूकडे बघून रूप बदलतो आणि मालक कोण, एक की अनेक, पुरुष की स्त्री की संस्था, याची विचारपूसच करत नाही. ठराव आहे म्हणून आपला, ओळखपत्रे आहेत म्हणून आपली. इंग्रजीत याच्या उलट चालते. वस्तू काहीही असो, सर्वनाम मालकाकडे तोंड करून उभे राहते. ग्रामपंचायतीसाठी ‘इट्स’, खलाशांसाठी ‘देअर’, अध्यक्षांसाठी ‘हिज’ किंवा ‘हर’. म्हणजे मराठीतला एकच शब्द उजव्या बाजूला जाताना चार तोंडांनी फुटतो आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याला मागे वळून नाम शोधावे लागते. हे मागे वळणे आपल्याला सवयीचे नाही. बाईंचे सगळे शिकवणे ती सवय लावण्यासाठी आहे.

‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांवर मात्र त्यांनी पाच मिनिटेही घालवली नाहीत, हे योग्यच झाले. ‘तिचा भाऊ’ या दोन शब्दांत ‘ति’ बहिणीकडून येते आणि ‘चा’ भावाकडून, त्यामुळे मालकाचे लिंग लक्षात ठेवण्याची सवय या रूपांपुरती मराठी माणसाला आधीपासूनच असते. जिथे शिकणाऱ्याला अडचण नाही तिथे वेळ न दवडणे हा गुण मी फार थोड्या शिक्षकांत पाहिला आहे.

सवय लावण्याची त्यांची पद्धत साधी आहे. प्रत्येकाने वाक्यातल्या प्रत्येक सर्वनामापासून पेन्सिलने एक बाण मागे काढायचा आणि तो एका नामावर नेऊन टेकवायचा. बाण एकाच नामावर पोहोचला तर लिंग आणि वचन तपासायचे. दोन नामांवर जात असेल, किंवा कोठेच पोहोचत नसेल, तर सर्वनामाला हात न लावता वाक्यच नव्याने लिहायचे. फळ्यावर त्यांनी घेतलेले एक पत्र मी जसेच्या तसे उतरवून घेतले होते. पावसच्या एका बागेतून वाशीच्या बाजाराला निघालेल्या मालाबद्दलचे ते होते आणि अशी पत्रे आमच्या कचेरीत हंगामात रोज येतात : ‘द एजंट इन्फॉर्म्ड द ग्रोअर दॅट हिज पेमेंट वॉज डिलेड. द टेम्पो ब्रोक डाउन अॅट हातखंबा अँड द क्रेट्स वेअर शिफ्टेड टू अनदर व्हेइकल, विच कॉज्ड द डॅमेज. दे हॅव प्रॉमिस्ड टू पे.’

वाचताना यात काही खटकत नाही. बाण काढू लागल्यावर मात्र पत्राचा पायाच हलतो. ‘हिज’पासून निघालेला बाण एजंटावरही टेकतो आणि बागायतदारावरही, म्हणजे पैसे कोणाचे अडकले ते पत्रात नाहीच. ‘विच’चा बाण तीन ठिकाणी जातो : टेम्पो बंद पडणे, पेट्या हलवणे, आणि दुसरी गाडी. यांपैकी नुकसान कशामुळे झाले यावर विम्याचा दावा उभा असतो, तेव्हा ही नुसती शैलीची बाब राहत नाही. ‘दे’चा बाण मागे मागे जात पहिल्या अनेकवचनी नामावर थांबतो आणि ते नाम ‘क्रेट्स’ हे आहे. व्याकरणाप्रमाणे पाहिले तर भरपाईचे वचन आंब्याच्या पेट्यांनी दिले आहे. माडीवर बराच वेळ हशा चालला. त्यानंतर बाईंनी ते वाक्य सुधारून दाखवले नाही, दहा मिनिटे प्रत्येकाला स्वतः लिहू दिले, आणि ज्यांनी ‘द ट्रान्सपोर्टर हॅज प्रॉमिस्ड टू पे’ असे सरळ नाम लिहिले त्यांना शाबासकी दिली. नामाची पुनरुक्ती हा दोष आहे असे शाळेतल्या निबंधाने आपल्या मनावर बिंबवलेले असते आणि त्या भीतीने आपण जिथे नाम हवे तिथे सर्वनाम घालतो, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. कचेरीच्या पत्रात पुनरुक्तीने कोणाचे पैसे बुडत नाहीत.

‘हिज पेमेंट’च्या गोंधळाचे कारणही त्यांनी मराठीतच दाखवले. आपण बोलताना म्हणतो, ‘एजंटाने बागायतदाराला सांगितले की तुमचे पैसे अडकले आहेत.’ ‘की’च्या पुढे मराठी माणूस बोलणाऱ्याचे शब्द बहुधा तसेच ठेवतो, त्यामुळे ‘तुमचे’ म्हणजे ऐकणाऱ्याचे, यात शंका उरत नाही. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढे ‘युवर’चे ‘हिज’ होते आणि त्या बदलात कोण बोलले व कोणाला बोलले हा भेद पुसला जातो. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टचे असंख्य प्रश्न सोडवूनही हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. तिथे सर्वनाम कोणत्या रूपात बदलायचे एवढेच शिकवले जाई, बदलल्यावर अर्थ शिल्लक राहिला का हे पाहिले जात नसे.

दुसरा रविवार जवळजवळ संपूर्ण ‘दे’ या एका सर्वनामाला गेला. हा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि ती उलगडून दाखवणारे शिक्षण मला इतरत्र दिसलेले नाही. पहिली गोष्ट आदरार्थी अनेकवचनाची. वडील आले, साहेब बसले, अध्यक्ष आजारी पडले. या वळणाने लिहिणारा माणूस सहज लिहून जातो : ‘अवर चेअरमन हॅज फॉलन इल अँड दे विल नॉट अटेंड.’ दुबईच्या खरेदीदाराने हे वाचले तर चेअरमनबरोबर आणखी कोण आजारी आहे, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत तृतीय पुरुषातला आदर सर्वनामातून व्यक्त होत नाही. ‘ही’ लिहिल्याने चेअरमनांचा अपमान होत नाही. बागेतल्या गड्याचाही ‘ही’ आणि चेअरमनांचाही ‘ही’, हे मान्य करायला आपल्या मनाला थोडे जड जाते खरे. गुहागरहून येणारे एक घरगुती निवासव्यवस्था चालवणारे गृहस्थ तर म्हणाले, ‘बाई, वडिलांना ‘ही’ लिहिताना हात थांबतो.’ त्यावर बाईंनी सांगितले की आदर दाखवायचा असेल तर ‘माय फादर’ पुन्हा लिहा, पण ‘दे’ लिहू नका.

दुसरी गोष्ट इंग्रजीच्या स्वतःच्या एकवचनी ‘दे’ची. ज्याचे लिंग ठाऊक नाही किंवा सांगायचे नाही अशा एका माणसासाठी ‘दे’ वापरणे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. व्याकरणकारांनी पुढे ते अशुद्ध ठरवले आणि ‘एव्हरीवन’ला ‘हिज’ हेच सर्वनाम योग्य मानले. बोलणाऱ्यांनी मात्र ‘दे’ कधी सोडले नाही. अलीकडे संपादकांनीही मान तुकवली आहे : अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१७ मध्ये त्याला मर्यादित परवानगी दिली, मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ मध्ये ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवले, आणि जे स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कोणत्याच चौकटीत बसवत नाहीत त्यांच्यासाठी, त्यांच्या पसंतीनुसार, नावानिशी उल्लेख असतानाही ‘दे’ वापरणे आता रूढ झाले आहे. वरवर पाहता आपल्या चेअरमनांचा ‘दे’ आणि हा ‘दे’ एकच दिसतात. एकाचे कारण आदर आहे आणि दुसऱ्याचे कारण अनिश्चितता किंवा त्या व्यक्तीची निवड आहे, आणि पहिले कारण इंग्रजी वाचकाला उमजत नाही. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन आदरापोटी एका माणसाला लावले जाऊ लागले आणि शेवटी त्याने ‘दाऊ’ या जुन्या एकवचनी सर्वनामाला (आपल्या ‘तू’ला) रोजच्या भाषेतून घालवून दिले, हे सांगून बाईंनी आणखी एक दार उघडले : आदरार्थी अनेकवचन इंग्रजीने एकदा अनुभवले आहे, पण ते द्वितीय पुरुषात, तृतीय पुरुषात नव्हे. एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना क्रियापद अनेकवचनी का, याचे उत्तर मला येथे मिळाले, आणि एकवचनी ‘दे’पुढेही ‘आर’च का येते याचेही.

वकिलांकडे कारकुनी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मग रास्त शंका काढली. कायद्याच्या पुस्तकात सगळीकडे ‘ही’च असतो, तर नोटिशीत ‘दे’ कसे चालेल? बाईंनी उलट प्रश्न केला, ‘कायद्याने ‘ही’चा अर्थ आधी ठरवून ठेवला आहे. तुमच्या नोटिशीत तशी व्याख्या कुठे आहे?’ हे उत्तर अचूक आहे. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये, आणि आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १३ ने, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा असे लिहून ठेवले. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८ हेच ‘ही’ या सर्वनामाचे नाव घेऊन सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २ मधील व्याख्यांमध्ये गेले आहे आणि पुरुष व स्त्री यांच्या जोडीला तेथे तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख आला आहे. थोडक्यात, कायद्यातल्या ‘ही’च्या पाठीशी एक कलम उभे असते, पतसंस्थेच्या नोटिशीतल्या ‘ही’च्या पाठीशी काही नसते आणि निम्म्या सभासद महिला असलेल्या संस्थेत तो ‘ही’ खटकतो.

मग ‘प्रत्येक बागायतदाराने आपला सात-बारा जोडावा’ याचे काय करायचे? ‘हिज ऑर हर’ दर वाक्यात लिहिले तर नोटीस वाचवत नाही. ‘एव्हरी ग्रोअर मस्ट अटॅच देअर’ हे आज बहुतेक ठिकाणी चालते, पण जुन्या वळणाच्या अधिकाऱ्याच्या लाल पेनातून ते सुटेलच असे नाही. बाईंचा तोडगा असा की मूळ नामच अनेकवचनी करावे, ‘ऑल ग्रोअर्स मस्ट अटॅच देअर एक्स्ट्रॅक्ट्स’, म्हणजे भांडणाचे मूळच राहत नाही. त्यात एक उणीव आहे आणि ती त्यांनी सांगितली नाही : ‘प्रत्येकाने आपापला’ यातून एकाला एक असा जो हिशेब मराठीत आपोआप येतो तो ‘ऑल ग्रोअर्स’मध्ये सैल होतो. प्रत्येकी एक उतारा हवा की एकेकाचे अनेक, हे निराळे लिहावे लागते. ‘ईच’ हा शब्द कुठे तरी घालावाच लागतो. तरीही कचेरीच्या कामासाठी हा तोडगा मला सर्वांत सुरक्षित वाटतो आणि आमच्या पेढीच्या छापील अर्जांत मी तोच वापरू लागलो आहे.

वस्तूंच्या लिंगांवर फार वेळ गेला नाही. पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, आणि इंग्रजीत सगळे ‘इट’, हे कोणाला सांगावे लागत नाही. अपवाद निघाला तो होडीचा. मिरकरवाड्याहून येणाऱ्या एका तरुणाने विचारले की बोटीला इंग्रजीत ‘शी’ म्हणतात ते बरोबर की चूक. आपल्या किनाऱ्यावर होडी ती, मचवा तो आणि गलबत ते, म्हणजे तिन्ही लिंगे पाण्यावर तरंगतात. इंग्रजीने मात्र जहाजाला पिढ्यानपिढ्या ‘शी’ म्हटले. लॉइड्स लिस्ट या जहाज व्यवसायाच्या जुन्या इंग्रजी वृत्तपत्राने २००२ मध्ये ते सोडून ‘इट’ धरले, दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यात आणि नौदलात ‘शी’ अजून ऐकू येते. विम्याच्या कागदात ‘इट’ लिहावे आणि एका कागदात दोन्ही लिहू नये, एवढे सांगून बाई पुढे गेल्या. येथे मला स्वतःला एक भर घालावीशी वाटते. मालवणीत ‘चेडू’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी चालते आणि घाटावरच्या माणसाला ते ऐकून नवल वाटते. इंग्रजीतही तान्ह्या बाळाला ‘इट’ म्हणण्याची रीत आहे. लिंग वस्तूत नसून भाषेत असते, हे शिकवायला मालवणी बोलणारा विद्यार्थी वर्गात असताना ती संधी हुकली.

तिसरा रविवार मात्र घाईचा झाला. समूहवाचक नामे, ‘आयदर-ऑर’, ‘नायदर-नॉर’, ‘वन ऑफ द’, ‘नन’, ‘सम’, एवढे सगळे अडीच तासांत कोंबले गेले. त्यातही ‘वन ऑफ’चे दोन प्रकार त्यांनी उत्तम सोडवून दाखवले. ‘वन ऑफ द बोट्स हॅज लॉस्ट इट्स नेट’ येथे बाण ‘वन’वर टेकतो, मधल्या ‘बोट्स’ला भुलायचे नाही. पण ‘अवर्स इज वन ऑफ दोज बोट्स दॅट हॅव लॉस्ट देअर नेट्स’ येथे ‘दॅट’चा बाण ‘बोट्स’वर जातो, म्हणून ‘देअर’. पहिला नियम पाठ केलेला माणूस दुसऱ्या वाक्यात हमखास फसतो, आणि बाणाची सवय असेल तर फसत नाही. ‘नायदर द तांडेल नॉर द खलाशीज हॅव कलेक्टेड देअर पासेस’ यात सर्वनाम जवळच्या नामाप्रमाणे जाते, म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवले की वाक्य कानाला नीट लागते. उलट क्रम केला तर ‘तांडेल’मुळे ‘हिज’ येतो आणि खलाशी पासाविना राहतात.

समितीच्या प्रश्नाला मात्र न्याय मिळाला नाही. ‘कमिटी’ला ‘इट्स’ की ‘देअर’, यावर ब्रिटिश वळण दोन्ही चालवून घेते आणि अमेरिकन वळण बहुधा ‘इट्स’ धरते, एवढे सांगून बाई थांबल्या. आपल्याकडची खरी अडचण निवडीची नसून मिसळीची आहे. ‘द कमिटी हॅज गिव्हन देअर कन्सेंट’ यात क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी, आणि हे वाक्य मी सहकारी संस्थांच्या इतिवृत्तांत इतक्या वेळा वाचले आहे की त्यासाठी अर्धा तास काढायला हवा होता. समिती एकमुखाने बोलत असेल तर ‘हॅज’ आणि ‘इट्स’. सभासदांत मतभेद असतील तर ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी’ असे लिहून ‘हॅव’ आणि ‘देअर’. आमच्या भागात गृहनिर्माण संस्था, मच्छीमार संस्था, पतसंस्था आणि देवस्थान समित्या यांची इतिवृत्ते लिहिणारेच या वर्गाला जास्त येतात, तेव्हा या विषयाला एक पूर्ण सकाळ देणे योग्य ठरेल.

पुस्तिका ही या वर्गाची सर्वांत कमकुवत बाजू आहे. झेरॉक्स करून स्पायरल बांधणीत दिलेली ही पाने बऱ्याच वर्षांपूर्वीच्या टंकलिखितावरून काढलेली असावीत. काही पानांवर स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांतला फरक कळत नाही. ‘इट्स’ची दोन रूपे, एक अपॉस्ट्रॉफीचे आणि एक त्याविना, ज्या पानावर समजावली आहेत त्याच पानावर अपॉस्ट्रॉफी उमटलेली नाही, यापेक्षा मोठी गैरसोय कल्पिता येणार नाही. त्याहून गंभीर बाब उत्तरसूचीची आहे. ‘एव्हरीवन’, ‘ईच’, ‘नोबडी’ यांच्या सर्व प्रश्नांना सूचीत ‘हिज’ हे एकच उत्तर आहे. ज्या बाईंनी फळ्यावर ‘देअर’चा सातशे वर्षांचा इतिहास सांगितला त्यांच्याच पुस्तिकेत ‘देअर’ चूक ठरते. वर्गात बसलेल्याला हे समजून घेता येते. एखादा रविवार चुकलेला माणूस मात्र सूची पाहून जे शिकेल ते वर्गात शिकवलेल्याच्या विरुद्ध असेल. विचारल्यावर बाईंनी ही विसंगती मोकळेपणाने मान्य केली आणि नवी सूची काढण्याचे आश्वासन दिले.

वर्गातले काही जण फोनवरच्या व्याकरण तपासनिसाने हे सगळे आपोआप होते असे म्हणत होते. मी फळ्यावरचे टेम्पोचे पत्र तशा एका सुविधेत टाकून पाहिले. तिने एक स्वल्पविराम सुचवला. पैसे कोणाचे, नुकसान कशामुळे आणि वचन कोणाचे, यांपैकी कशालाही हरकत घेतली नाही. वाक्यापुरते व्याकरण तिच्या दृष्टीने शुद्धच होते. मागचे नाम कोणते असायला हवे होते हे लिहिणाऱ्याच्याच डोक्यात असते, त्यामुळे हे काम अशा सुविधेवर सोपवता येईल असे मला वाटत नाही.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. जिना अरुंद व चढा आहे, वयस्कांनी सांभाळून जावे. बाके शाळकरी मापाची आहेत. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पंखे चालतात. वीसपेक्षा जास्त माणसे घेत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची वही तपासली जाते, आणि खरे मूल्य त्या तपासणीत आहे. लाल शेऱ्याऐवजी बाई वहीत फक्त एक अर्धवट बाण काढून ठेवतात आणि तो कुठे टेकवायचा ते आपण शोधायचे. चुकलेल्या रविवारचे ध्वनिमुद्रण मिळत नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी हा वर्ग लावू नये, कारण तिथल्या बहुपर्यायी प्रश्नांना एकच ठाम उत्तर लागते आणि बाई बहुतेक ठिकाणी दोन उत्तरे कोणत्या परिस्थितीत चालतात ते सांगत बसतात. बोलण्याचा आत्मविश्वास हवा असेल त्यांनीही दुसरीकडे जावे. इतिवृत्ते, नोटिसा, विम्याचे आणि निर्यातीचे कागद ज्यांच्या सहीने बाहेर जातात त्यांना मात्र अडीच हजार रुपये जड वाटू नयेत.

पुढची तुकडी गणपतीनंतर बसणार आहे. नाव नोंदवताना स्वतः लिहिलेली दोन इंग्रजी पत्रे मागतात आणि ती पहिल्याच रविवारी फळ्यावर जातात, तेव्हा देताना त्यांतली माणसांची आणि पेढ्यांची नावे खोडून द्यावीत.